बंद झालेले दार आणि परतण्याची रीत

समजा, एके दिवशी फज्रची नमाज अदा करून तुम्ही नेहमीप्रमाणे संगणकासमोर बसलात. रात्री अर्धवट राहिलेला मजकूर पूर्ण करावा म्हणून संपादनाची कळ दाबलीत आणि पडद्यावर सूचना उमटली की, या ठिकाणी लिहिण्यास तुम्हाला प्रतिबंध करण्यात आला आहे. खाली प्रतिबंधाचे कारण, तो घालणाऱ्याचे नाव आणि मुदत. मुदतीच्या जागी एकच शब्द होता : अनिश्चित.

हा प्रसंग आज कोणावरही येऊ शकतो. विकिपीडियासारखे मुक्त ज्ञानकोश जगभरातील स्वयंसेवकांच्या श्रमांवर उभे आहेत. इंग्रजी विकिपीडिया १५ जानेवारी २००१ रोजी सुरू झाला, तर मराठी विकिपीडियाचा आरंभ २००३ मध्ये झाला. तेथे लिहिणाऱ्याला वेतन मिळत नाही आणि लेखावर त्याचे नावही झळकत नाही. आपल्या समाजातील तरुणही अशा कार्यात रमू लागले आहेत. कोणी आपल्या गावच्या जुन्या मशिदीची माहिती नोंदवितो, तर कोणी इस्लामी इतिहासावरील लेखांतील चुका दुरुस्त करतो.

अशा बिनपगारी कामातून दूर केले जाणे बाहेरच्या माणसाला क्षुल्लक वाटते. घरची मंडळी म्हणतात, "त्यावर आपली चूल थोडीच पेटत होती? गेले तर गेले." परंतु ज्याने त्या कामाला आपल्या रात्री दिल्या, त्याचे दुःख खरे असते. त्याची मिळकत गेलेली नसते. ज्या लोकांत तो आपला म्हणून वावरत होता, त्यांच्यात तो परका झालेला असतो. आपण या दुःखाची टिंगल करू नये. मात्र त्या दुःखातून कोणता मार्ग निघतो, याचा विचार करणे आवश्यक आहे, कारण पुढच्या काही घटकांत माणूस जे करतो, त्यावरून त्याच्या ईमानची व चारित्र्याची पारख होते.

पहिली परीक्षा : कारण की सबब?

दिव्य कुरआनने मानवजातीच्या आरंभीच दोन चुका आपल्यासमोर मांडल्या आहेत. इब्लीसला आज्ञा झाली व त्याने ती मोडली. हजरत आदम (अ.) आणि त्यांच्या पत्नी यांच्याकडूनही आज्ञाभंग घडला. आज्ञाभंग दोन्हीकडे होता, पण विचारणा झाल्यावर दोघांची उत्तरे भिन्न झाली. इब्लीसने आपल्या श्रेष्ठत्वाचा दाखला दिला. आपण अग्नीपासून व हा मातीपासून, मग झुकावे कोणी, असा युक्तिवाद केला. पुढे आपल्या मार्गभ्रष्टतेचा दोषही त्याने अल्लाहवरच ढकलला. आदम (अ.) व त्यांच्या पत्नी यांनी कोणाकडेही बोट दाखविले नाही. सैतानाने फसविले, हे खरे असूनही त्यांनी ते पुढे केले नाही. आपणच आपल्यावर अन्याय केला, एवढेच कबूल करून त्यांनी क्षमा मागितली.

आता त्या संगणकासमोर बसलेल्या तुमच्याकडे परत येऊ या. मनात प्रथम कोणते वाक्य उमटते? बहुधा हे की, "मी इतके लेख लिहिले, त्याचे काही मोल नाही का?" किंवा हे की, "समोरचाही तसेच वागत होता, त्याला कोणी काही बोलले नाही." पहिल्या वाक्यात श्रेष्ठत्वाचा दाखला आहे, दुसऱ्यात दोषाची वाटणी आहे. दोन्ही वाक्ये कदाचित खरी असतील. तथापि ती विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर नाहीत. प्रश्न असतो, तुम्ही काय केले?

आपल्यापैकी धर्माभिमानी तरुणांसाठी येथे आणखी एक सापळा आहे आणि तो अधिक घातक आहे. तरुण म्हणतो, "मी इस्लामविषयीचा अपप्रचार पुसत होतो. हेतू शुद्ध असताना नियमाचे काय कौतुक?" इंग्रजी विकिपीडियावर असा नियम आहे की, एकाच पानावर चोवीस तासांत तीनपेक्षा अधिक वेळा दुसऱ्याचे लेखन उलटविता येत नाही. दुसऱ्याच्या पुस्तकातील उतारे जसेच्या तसे उचलून टाकता येत नाहीत. वादात आपले संख्याबळ वाढविण्यासाठी दुसऱ्या नावाने खाते उघडता येत नाही. हे नियम मान्य करूनच आपण आत गेलो होतो. कुरआनने श्रद्धावंतांना करार पाळण्याची आज्ञा दिली आहे आणि प्रत्येक वचनाबद्दल विचारणा होईल, असे बजावले आहे. एखाद्या समूहाविषयीचा रोष तुम्हाला न्यायापासून ढळवू नये, हीही त्याचीच शिकवण आहे. तेव्हा सत्याच्या रक्षणासाठी खोट्या नावाने मत नोंदविणारा मनुष्य नेमके कशाचे रक्षण करीत असतो, हे त्याने स्वतःलाच विचारावे.

दार कसे उघडते?

विकिपीडियावर प्रतिबंधाचा घोषित हेतू शिक्षा हा नाही. पुढील नुकसान टळावे, एवढ्यासाठी तो घातला जातो. म्हणून प्रतिबंधित सदस्याला सामान्यतः आपल्या चर्चापानावर विनंती मांडण्याची मुभा असते आणि तिचा विचार, ज्याने प्रतिबंध घातला त्याने नव्हे, तर दुसऱ्या प्रचालकाने करावा, असा इंग्रजी विकिपीडियावरील प्रघात आहे. विनंती कशी असावी, याचे मार्गदर्शनही तेथे दिलेले आहे. प्रतिबंध का घातला गेला, हे तुम्हाला समजले आहे असे दाखवा. ते वर्तन पुन्हा घडणार नाही, हे सांगा. त्याऐवजी कोणते उपयुक्त काम करणार, ते सांगा. आणि इतरांच्या वागण्याविषयी बोलू नका, स्वतःच्या वागण्याविषयी बोला.

आता आपल्या विद्वानांनी सांगितलेल्या तौबाच्या अटी आठवा. अपराध सोडून देणे, घडल्या गोष्टीचा मनापासून खेद होणे आणि ती पुन्हा न करण्याचा निर्धार करणे, या तीन अटी. अपराधात कोणा माणसाचा हक्क बुडाला असेल, तर चौथी अट अशी की, तो हक्क त्याला परत करावा किंवा त्याची माफी मिळवावी. इमाम नववी (रह.) यांनी 'रियाजुस्सालिहीन'मध्ये या अटी नमूद केल्या आहेत.

दोन्हींतील साम्य पाहून आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. विश्वास तुटल्यानंतर तो जुळण्याची रीत अल्लाहने मानवी स्वभावातच ठेवलेली आहे. जे लोक धर्माचा विचारही न करता एकत्र काम करतात, त्यांनाही अनुभवाने त्याच ठिकाणी यावे लागते. तथापि एक भेद आहे. चर्चापानावर योग्य शब्द लिहून माणूस आत शिरू शकतो, कारण तेथील वाचक शब्दच पाहू शकतो. अल्लाहसमोर शब्दांनी भागत नाही. म्हणून मुस्लिमाने विनंती लिहिण्यापूर्वी ती प्रथम आपल्या रब्बसमोर मांडावी. तेथे जे वाक्य बोलताना जीभ अडखळते, ते वाक्य विनंतीत लिहू नये.

पन्नास रात्रींची कहाणी

समूहातून दूर केले जाणे आणि पुन्हा स्वीकारले जाणे, याचे सर्वांत हृदयस्पर्शी उदाहरण आपल्याला हजरत कअब बिन मालिक (रजि.) यांच्या जीवनात आढळते. त्यांनी स्वतः सांगितलेली ही हकिकत सहीह बुखारी व सहीह मुस्लिम या दोन्ही संग्रहांत सविस्तर आली आहे.

हिजरी सन ९ मध्ये, म्हणजे इ.स. ६३० मध्ये, तबूकची मोहीम निघाली. कडक उन्हाळा होता, प्रवास लांबचा होता आणि मदीनेत फळे पिकली होती. कअब (रजि.) यांच्याजवळ त्या वेळी दोन उंटिणी होत्या आणि आर्थिक स्थितीही उत्तम होती. आज तयारी करू, उद्या करू, असे म्हणता म्हणता सैन्य निघून गेले व ते मागे राहिले. त्यांच्या मनात विरोध नव्हता, केवळ चालढकल होती. आपल्यापैकी किती जणांचे अपराध याच जातीचे असतात!

प्रेषित मुहम्मद (स.) परत आल्यावर ऐंशीहून अधिक माणसे सबबी घेऊन आली. त्यांनी शपथा घेतल्या. प्रेषितांनी (स.) त्यांचे बाह्य म्हणणे मान्य केले आणि अंतरीचे अल्लाहवर सोपविले. कअब (रजि.) हे कवी होते, वाक्चातुर्य त्यांच्या ठायी होते. दुसऱ्या कोणासमोर असतो तर युक्तिवाद करून सुटलो असतो, हे त्यांनी स्वतःच बोलून दाखविले. पण आज खोटे बोलून प्रेषितांना (स.) संतुष्ट केले, तर उद्या अल्लाह ते उघडकीस आणील, याची त्यांना जाणीव होती. म्हणून आपल्याजवळ कोणतीही सबब नव्हती, असे त्यांनी सरळ सांगितले. प्रेषितांनी (स.) त्यांच्या सत्यवचनाची दखल घेतली, पण निर्णय अल्लाहकडून येईपर्यंत थांबण्यास सांगितले.

बाहेर पडताच कबिल्यातील माणसांनी त्यांना दोष दिला : इतरांसारखी एखादी सबब सांगितली असती तर काय बिघडले असते? त्यांचा आग्रह इतका वाढला की, परत जाऊन आपले म्हणणे बदलावे, असे कअब (रजि.) यांना क्षणभर वाटून गेले. मग त्यांनी विचारले, माझ्यासारखे उत्तर आणखी कोणी दिले आहे काय? मुरारा बिन रबीअ (रजि.) आणि हिलाल बिन उमैया (रजि.) अशी दोन सज्जनांची नावे कळली, तेव्हा ते स्थिरावले. प्रसंगी खरे बोलणाऱ्या दोघांची सोबत माणसाला किती मोठा आधार देते, ते येथे दिसते. तुमचा मित्र अशा अडचणीत सापडला, तर त्याला चलाखीचा सल्ला देणाऱ्यांत तुम्ही सामील होऊ नका.

त्यानंतर तिघांशी बोलणे बंद करण्याचा आदेश झाला. कअब (रजि.) म्हणतात की, जमीनही अनोळखी वाटू लागली. इतर दोघे घरी बसून रडत राहिले. कअब (रजि.) मात्र तरुण होते; ते नमाजसाठी मशिदीत जात, बाजारात हिंडत, आणि कोणीही त्यांच्याशी बोलत नसे. ते प्रेषितांना (स.) सलाम करीत आणि उत्तरासाठी ओठ हलले की नाही, हे पाहत. एके दिवशी ते आपले चुलतबंधू व अत्यंत प्रिय असलेले अबू कतादा (रजि.) यांच्या बागेची भिंत चढून आत गेले. माझे अल्लाहवर व त्याच्या प्रेषितावर प्रेम आहे, हे तुम्ही जाणत नाही काय, असे त्यांनी पुनःपुन्हा विचारले. शेवटी इतकेच उत्तर आले की, ते अल्लाह व त्याचा प्रेषित जाणे. कअब (रजि.) यांच्या डोळ्यांत पाणी आले.

याच काळात शामहून आलेल्या एका माणसाने त्यांना गस्सानच्या राजाचे पत्र दिले. तुमच्या माणसांनी तुमचा अनादर केला आहे, आमच्याकडे या, आम्ही तुमचा सन्मान करू, असा त्याचा आशय होता. कअब (रजि.) यांनी ती आणखी एक परीक्षा मानली आणि पत्र भट्टीत टाकून दिले.

वाचकहो, आजच्या काळात हे पत्र राजाकडून येत नाही. ते अशा गटांकडून येते, जिथे काढून टाकलेली माणसे एकत्र जमून काढणाऱ्यांची निंदा करतात. ते अशा मित्राकडून येते, जो म्हणतो, "नवे खाते उघड, कोणाला कळणार आहे?" मनाच्या त्या अवस्थेत हे निमंत्रण फार गोड वाटते. पण ते स्वीकारले की, कालपर्यंत ज्या कामावर आपले प्रेम होते, त्याच कामाचे आपण शत्रू होतो.

चाळीस रात्रींनंतर पत्नीपासून अलिप्त राहण्याचा आदेश आला. अखेर पन्नासाव्या रात्रीनंतरच्या सकाळी, फज्रची नमाज पढून ते घराच्या छतावर बसले असता, सलअ पर्वतावरून कोणीतरी उंच आवाजात शुभवार्ता पुकारली. अल्लाहने तिघांची तौबा स्वीकारली होती. शुभवार्ता आणणाऱ्याला त्यांनी अंगावरचे दोन्ही कपडे देऊन टाकले आणि स्वतः उसने कपडे घालून मशिदीकडे निघाले. प्रेषितांचा (स.) चेहरा आनंदाने उजळला होता. सूरह तौबाच्या ११८ व्या आयतीत या तिघांचा उल्लेख आहे आणि त्यापुढील आयतीत श्रद्धावंतांना सत्यवचनी लोकांबरोबर राहण्याची आज्ञा आहे. इस्लामच्या देणगीनंतर आपल्यावर झालेली सर्वांत मोठी कृपा म्हणजे त्या दिवशी खरे बोलण्याची बुद्धी होणे, असे कअब (रजि.) पुढे सांगत असत.

येथे एक खुलासा करणे आवश्यक आहे. कोणताही प्रचालक प्रेषित नाही आणि कोणत्याही संकेतस्थळाच्या निर्णयामागे ईशवाणी नाही. तेथील माणसे चुकू शकतात, चुकतातही. म्हणून दोन्ही प्रसंग एकाच तोलाचे मानणे अयोग्य ठरेल. आपल्याला घ्यावयाचा आहे तो केवळ शिष्टाचार : बहिष्कृत मनुष्याने खरे कसे बोलावे, प्रतीक्षा कशी करावी आणि कोणते पत्र भट्टीत टाकावे.

क्षमा आणि विश्वास एक नव्हेत

अनेक जण विचारतात, "मी चूक कबूल केली, मग लगेच प्रवेश का नाही? अल्लाह क्षमा करतो, मग माणसे का करीत नाहीत?" या प्रश्नात दोन गोष्टींची सरमिसळ झाली आहे.

अल्लाह अंतःकरण जाणतो, म्हणून त्याच्यापाशी खऱ्या तौबाला विलंब लागत नाही. माणसाला अंतःकरण दिसत नाही. त्याला आचरण दिसते आणि आचरण दिसण्यास काळ जावा लागतो. आपल्या फकीहांनी हा भेद फार पूर्वीच ओळखला होता. दुराचारी ठरलेल्या माणसाने तौबा केल्यानंतर त्याची साक्ष केव्हापासून ग्राह्य मानावी, या प्रश्नावर त्यांनी म्हटले की, तौबाचा परिणाम त्याच्या वागण्यात दिसेल इतका काळ जाऊ द्यावा. काहींनी ही मुदत सहा महिने ठरविली, तर काहींनी एक वर्ष. हनफी फकीहांनी योग्य मत हे मानले की, निश्चित मुदत न ठरविता तो निर्णय न्यायाधीशाच्या विवेकावर सोपवावा. शीलवान स्त्रीवर खोटा आळ घेणाऱ्याच्या बाबतीत तर मतभेद याहून खोल आहे. इमाम मालिक, इमाम शाफई आणि इमाम अहमद (रह.) यांच्या मते तौबा व सुधारणा झाल्यावर त्याची साक्ष पुन्हा स्वीकारता येते. इमाम अबू हनीफा (रह.) यांच्या मते त्याचा गुन्हा अल्लाहपाशी माफ होईल, पण साक्षीचा अधिकार परत मिळणार नाही. म्हणजे क्षमा मिळूनही विश्वासाचे पद परत न मिळणे शक्य आहे आणि त्यात अन्याय असतोच असे नाही.

योगायोग असा की, इंग्रजी विकिपीडियावरही दीर्घकाळ प्रतिबंधित सदस्यांसाठी असाच एक प्रघात आहे. सहा महिने दुसऱ्या कोणत्याही नावाने संपादन न करता दूर राहा. ज्या वर्तनामुळे प्रतिबंध झाला, ते टाळण्याचे वचन द्या. तुमच्या परतण्याविषयी लोकांनी आक्षेप घ्यावा, असे नवे कारण निर्माण करू नका. मग विनंतीचा विचार होईल. हे वचन नव्हे, संधी आहे.

यावरून मूळ प्रश्नाचे उत्तर मिळते. परत प्रवेश हा हक्क आहे की उपकार? आपले म्हणणे ऐकून घेतले जाणे, हा तुमचा हक्क आहे. ऐकणाऱ्याने न्यायाने ऐकणे, हे त्याचे कर्तव्य आहे. पण पुन्हा विश्वास ठेवला जाणे, हा हक्क नाही. ती इतरांच्या हातची अमानत आहे आणि ती मागावी लागते, हिसकावून घेता येत नाही. जो हे समजतो, त्याच्या विनंतीत लाचारी उरत नाही आणि उद्धटपणाही उरत नाही.

आणि अपराध घडलाच नसेल तर?

काही वाचक म्हणतील, "हे सर्व अपराध्यासाठी झाले. परंतु निर्णयच चुकीचा असेल तर? आत जाण्यासाठी खोटा कबुलीजबाब द्यावा काय?"

नाही, देऊ नये. जसे खोटे नाकारणे तौबा नव्हे, तसेच खोटी कबुलीही तौबा नव्हे. श्रद्धावंतांच्या माता हजरत आयशा (रजि.) यांच्यावर आळ घेतला गेला, तेव्हा त्यांच्यासमोर हाच पेच होता. त्यांनी म्हटले की, मी निर्दोष आहे असे सांगितले तर तुम्ही विश्वास ठेवणार नाही, आणि जे मी केलेले नाही ते कबूल केले तर लगेच खरे मानाल. त्यांनी कबुली दिली नाही, कोणाला शिव्याशापही दिले नाहीत. हजरत यूसुफ (अ.) यांच्या पित्याने जो सुंदर संयम पत्करला, त्याचाच आश्रय त्यांनी घेतला. पुढे कुरआनने त्यांची निर्दोषता जाहीर केली. स्वतः यूसुफ (अ.) यांनाही तुरुंगातून सुटकेचे बोलावणे आले असता, त्यांनी प्रथम त्या स्त्रियांच्या प्रकरणाची चौकशी व्हावी, असा निरोप पाठविला. निर्दोष माणसाला नुसता प्रवेश नको असतो, त्याला सत्य स्पष्ट व्हायला हवे असते.

तथापि स्वतःला आयशा (रजि.) यांच्या जागी ठेवण्यापूर्वी आपण कअब (रजि.) यांच्या जागी नाही ना, हे नीट तपासावे. प्रतिबंध झालेल्या दिवशी प्रत्येकाला आपण निर्दोषच वाटतो. म्हणून विनंती त्याच दिवशी लिहू नये. दोन-तीन दिवस जाऊ द्यावेत. आपले जुने लेखन व आलेल्या सूचना शत्रूच्या नजरेने पुन्हा वाचाव्यात. जेवढा दोष खरा असेल, तेवढा पूर्ण कबूल करावा. जेवढा नसेल, तेवढा पुराव्यासह आणि सौम्य शब्दांत नाकारावा. आरोप दहा असतील आणि त्यांपैकी सात खरे असतील, तर उरलेल्या तिनांवर आवाज चढवून सातांवर पांघरूण घालू नये.

दाराच्या आतील माणसांसाठी

आपल्यापैकी काही जण दाराच्या दुसऱ्या बाजूला असतात. कोणी प्रचालक असतो, तर कोणी मशिदीच्या वा संस्थेच्या समितीवर असतो. त्यांनीही ऐकावे.

हजरत अबू बक्र (रजि.) हे मिस्तह (रजि.) या गरीब नातलगाचा खर्च चालवीत असत. आयशांवरील (रजि.) आळ पसरविण्यात मिस्तह सामील झाले, तेव्हा आपल्या मुलीवर घाव घालणाऱ्याला यापुढे काही देणार नाही, अशी शपथ अबू बक्र (रजि.) यांनी घेतली. यापेक्षा रास्त राग कोणता असू शकेल? तरीही सूरह नूरमध्ये संपन्न लोकांना अशी शपथ न घेण्याची, क्षमा करण्याची व दुर्लक्ष करण्याची आज्ञा झाली आणि अल्लाहने आपल्याला क्षमा करावी, असे तुम्हाला वाटत नाही काय, असा प्रश्न विचारला गेला. अबू बक्र (रजि.) यांनी तो खर्च पुन्हा सुरू केला.

मद्यपानाबद्दल शिक्षा झालेल्या एका माणसाला कोणी शाप दिला, तेव्हा प्रेषितांनी (स.) मनाई केली, आपल्या भावाविरुद्ध सैतानाला साहाय्य करू नका, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. शिक्षा आवश्यक होती म्हणून अपमानही आवश्यक ठरत नाही. नियम लावा, पण उपहास करू नका. कारण स्पष्ट सांगा. विनंती आली तर ती वाचा. नकार देणे भाग असेल, तर पुन्हा केव्हा व कशी विनंती करता येईल, ते सांगा. अबू कतादा (रजि.) यांनी आदेश मोडला नाही, पण त्यांनी चुलतभावाला हिणविलेही नाही.

आणि दार उघडले, तर ते कसे उघडावे? कअब (रजि.) मशिदीत शिरले, तेव्हा तलहा बिन उबैदुल्लाह (रजि.) उठून धावत पुढे आले, त्यांनी हस्तांदोलन केले व अभिनंदन केले. मुहाजिरांपैकी दुसरे कोणी उठले नव्हते. तलहांचे ते उठणे कअब (रजि.) जन्मभर विसरले नाहीत. परत आलेल्या माणसाला पहिल्या दिवशी एक तरी तलहा भेटला पाहिजे. त्याच्या जुन्या चुकीची उजळणी करणारे पुष्कळ भेटतात.

आणि दार उघडलेच नाही तर?

हेही शक्य आहे. विनंती नाकारली जाईल, पुन्हा नाकारली जाईल. अशा वेळी मुस्लिमाने स्वतःला विचारावे की, मी हे काम कोणासाठी करीत होतो? ज्ञान पोहोचविण्याचे पुण्य हवे असेल, तर त्यासाठी एकच दार नाही. गावातल्या वाचनालयाची पुस्तके लावता येतील, मोहल्ल्यातील मुलांना शिकविता येईल, आपल्या परिसराचा इतिहास वहीत लिहून ठेवता येईल. ही कामे करूनही मन तिथेच घुटमळत असेल आणि केवळ नाव गेल्याचे शल्य असेल, तर त्या बंद दाराने आपल्या नियतचा एक रोग दाखवून दिला, असे समजावे. रोग कळणे ही उपचाराची सुरुवात होय.

कअब (रजि.) यांनी त्या पन्नास दिवसांत मशिदीत जाणे सोडले नाही. कोणी बोलत नव्हते, तरी ते सफीत उभे राहत होते. ज्याच्याशी माणसे बोलत नाहीत, त्याच्याशीही अल्लाह बोलणे बंद करीत नाही. दिवसातून पाच वेळा बोलावणे येतच असते. हे दार ज्याला उघडे दिसते, तो दुसऱ्या दारासमोर खोटे बोलण्याइतका अगतिक होत नाही.

म्हणून, प्रिय वाचकहो, तुमच्यावर ही वेळ आली तर घाई करू नका. वुजू करा, दोन रकअत नफल नमाज अदा करा, आणि मग कागद घ्या. त्यावर प्रथम आपण काय केले, ते लिहा. जे केले नाही ते लिहू नका. कोणाचे नुकसान झाले असेल तर ते कसे भरून काढणार, ते लिहा. शेवटी विनंती लिहा आणि सही आपल्याच नावाने करा.

अल्लाह आपल्याला सत्य बोलण्याचे धैर्य देवो, चुकलेल्याला परतण्याची वाट आणि परत येणाऱ्याला सामावून घेण्याचे औदार्य देवो, आणि ज्या दिवशी कोणतीही सबब चालणार नाही, त्या दिवशी आपल्याला सत्यवचनी लोकांबरोबर उभे करो. आमीन.